गेमच्या सेव्ह स्वतःच्या क्लाउडवर ठेवायच्या कशा: नव्यांसाठी अगदी पहिल्यापासून

दिवाळीत भाचा आमच्याकडे आला की आम्ही दोन किल्ले बांधतो. एक अंगणात, मातीचा, वर अळीव पेरलेला. दुसरा लॅपटॉपवर, माइनक्राफ्ट या ठोकळे रचायच्या गेममध्ये. त्या वर्षी रायगड घेतला होता. महादरवाजापासून चढत चढत बाजारपेठेपर्यंत पोचलो, दुकानांच्या दोन्ही ओळी उभ्या राहिल्या आणि सुट्टी संपली. मे महिन्यात तो परत आला. आम्ही जग उघडलं, तर बाजारपेठेच्या जागी ओकची झाडं उभी होती आणि मेंढ्या चरत होत्या. तटबंदी सुरीनं कापल्यासारखी एका सरळ रेषेत संपत होती.

काय झालं ते नंतर उलगडलं. डिसेंबरात मी एकटाच त्या जगात दगड खणत बसलो होतो आणि लाईट गेली. लॅपटॉपची बॅटरी केव्हाच मेलेली, तो चार्जरवरच चालायचा. माइनक्राफ्ट जगाचे ५१२ बाय ५१२ ठोकळ्यांचे तुकडे पाडून प्रत्येक तुकडा वेगळ्या फाइलीत ठेवतो. त्यातली एक फाइल लिहिता लिहिता बिघडली. पुढं मे महिन्यात गेमला ती वाचता आली नाही, म्हणून त्यानं तिथं नवी कोरी जमीन घातली. खरं दुःख पुढंच आहे. ते फोल्डर मी क्लाउडला जोडून ठेवलं होतं आणि निर्धास्त होतो. बिघडलेली फाइल त्याच रात्री क्लाउडवर चढली आणि चांगल्या फाइलीच्या जागी बसली. जुनी आवृत्ती तिथं ३० दिवस मिळते. आम्हाला कळलं पाच महिन्यांनी.

तेव्हापासून ओळखीतल्या प्रत्येकाला मी पहिली गोष्ट हीच सांगतो: सिंक म्हणजे बॅकअप नव्हे. सिंक, म्हणजे इथला प्रत्येक बदल आपोआप क्लाउडवर उतरणं, हा आरसा आहे. तुमच्या चेहऱ्यावर ओरखडा आला की आरशातही तो दिसणारच. बॅकअप हा फोटोंचा अल्बम आहे, त्यात मागच्या महिन्यातला चेहरा जसाच्या तसा राहतो. खाली जे सांगतो आहे ते हा अल्बम तयार करण्याबद्दल आहे. त्यासाठी प्रोग्रॅमिंग यायला लागत नाही आणि पैसेही लागत नाहीत.

तुमची सेव्ह मुळात कुठं असते

सेव्ह म्हणजे गेममधली तुमची प्रगती साठवणारी फाइल. आधी एक चाळण लावू. जे गेम पूर्णपणे ऑनलाइन चालतात, म्हणजे बीजीएमआय, व्हॅलोरंट यांसारखे, त्यांची प्रगती कंपनीच्या सर्व्हरवर असते. तिथं बॅकअप घ्यायला तुमच्या हातात काही नसतं. एवढंच करा: गेस्ट म्हणून खेळत असाल तर आजच खातं जोडा. गेस्ट खातं त्या फोनपुरतं असतं, फोन रीसेट केला की ते परत मिळवणं फार अवघड होऊन बसतं.

कन्सोलचंही थोडक्यात. एक्सबॉक्सवर सेव्ह आपोआप क्लाउडवर जाते आणि त्याचे पैसे पडत नाहीत. प्लेस्टेशन ५ वर क्लाउडसाठी पीएस प्लसची वर्गणी लागते, आणि पीएस ५ च्या गेमची सेव्ह पेन ड्राइव्हवर कॉपीही करता येत नाही. निन्टेंडो स्विचवरही क्लाउड वर्गणीतच येतं आणि काही गेम त्यातून वगळलेले आहेत. म्हणजे कन्सोलवर तुम्ही कंपनी देईल तेवढ्यावरच अवलंबून असता. मला हे पटत नाही. शंभर तास खेळून केलेली सेव्ह खेळणाऱ्याची असते, ती त्याला हवी तिथं ठेवता आली पाहिजे. पीसीवर ती ठेवता येते, म्हणून हा लेख पीसीचा आहे.

पीसीवर स्टीमचं, म्हणजे गेम विकत घ्यायच्या आणि चालवायच्या त्या ऑनलाइन दुकानाचं, क्लाउड आहेच की, असं तुम्ही म्हणाल. आहे, २००८ पासून आहे आणि ते चालूच ठेवा. पण त्याच्या दोन मर्यादा लक्षात असू द्या. एक म्हणजे कोणत्या गेमला ते द्यायचं हे गेम बनवणारा ठरवतो, त्यामुळं तुमच्या लायब्ररीत काही गेम असे निघतीलच ज्यांना ते नाही. लायब्ररीत गेमवर उजवी क्लिक करा, प्रॉपर्टीज उघडा आणि जनरलमध्ये स्टीम क्लाउडचं बटण दिसतं का ते बघा. ते दिसलं नाही, तर त्या गेमची सेव्ह फक्त तुमच्या डिस्कवर आहे. दुसरी मर्यादा वर सांगितलीच: तोही आरसाच आहे. जीओजी या दुसऱ्या दुकानातही क्लाउड आहे, पण दर गेममागे २०० एमबीची कमाल मर्यादा आहे. माइनक्राफ्टच्या जावा आवृत्तीला तर क्लाउड मुळीच नाही.

आता सेव्हचं घर शोधू. विंडोजवर सेव्ह सहसा दोन ठिकाणी सापडतात. जुन्या आणि मोठ्या गेमच्या डॉक्युमेंट्स फोल्डरमध्ये. व्हाइस सिटी आणि सॅन अँड्रियास तिथंच स्वतःच्या नावाचं यूझर फाइल्स फोल्डर करतात, विचर ३ तिथंच गेमसेव्हज नावाचं फोल्डर ठेवतो. ज्यांनी शाळेत असताना सायबर कॅफेत व्हाइस सिटी खेळला आहे त्यांना ते फोल्डर पाठ असेल. मशीन रीस्टार्ट झालं की सगळं मूळपदावर यायचं, म्हणून सेव्हची ती एवढीशी फाइल पेन ड्राइव्हवर घेऊन फिरणारी मुलं आमच्या गावात होती. स्वतःचा बॅकअप म्हणजे नेमकं काय, हे त्या मुलांना आपल्या कितीतरी आधी कळलं होतं.

दुसरं ठिकाण म्हणजे ॲपडेटा. हे फोल्डर लपलेलं असतं. विंडोजचं बटण आणि आर एकत्र दाबा, छोटी चौकट उघडेल. तिच्यात टक्क्याचं चिन्ह, मग इंग्रजीत ॲपडेटा, मग पुन्हा टक्क्याचं चिन्ह असं मधे जागा न सोडता लिहा आणि एंटर मारा. जे उघडेल ते रोमिंग नावाचं फोल्डर. एक पायरी वर गेलात की लोकल आणि लोकललो अशी त्याची दोन भावंडं दिसतील. स्टारड्यू व्हॅली, एल्डन रिंग आणि माइनक्राफ्ट जावा रोमिंगमध्ये राहतात, हॉलो नाइट लोकललोमध्ये टीम चेरी या नावाखाली सापडतो. थोड्या गेमची सेव्ह विंडोजच्या रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोज स्वतःची सेटिंग ठेवतं त्या कोठारात असते. ती हातानं शोधायच्या भानगडीत पडू नका, पुढं येणारं साधन ती स्वतः उचलतं.

एक सापळा इथंच सांगून ठेवतो. विंडोज ११ बसवताना बऱ्याचदा डॉक्युमेंट्स फोल्डर वनड्राइव्हमध्ये हलवलं जातं आणि आपल्याला पत्ता नसतो. मग तिथल्या गेमच्या सेव्ह आपसूक क्लाउडवर जायला लागतात. ऐकायला बरं वाटतं, पण फुकटची जागा ५ जीबी असते. ती भरली की सिंक थांबतं आणि घरातल्या लग्नाच्या फोटोंमुळं तुमची सेव्ह वर जायची राहते. डॉक्युमेंट्सच्या पत्त्यात वनड्राइव्ह हा शब्द दिसतो का, एवढं बघून ठेवा.

पहिला बॅकअप हातानं घ्या

साधन लावण्याआधी एका गेमचा बॅकअप हातानं घ्यावा, असा माझा आग्रह आहे. एकदा स्वतः फाइल उचलून ठेवली की पुढं साधन काय करतं आहे ते कळतं, आणि ते बिघडलं तरी आपण अडून राहत नाही.

स्टारड्यू व्हॅली घेऊ, कारण त्याची रचना सरळ आहे. रोमिंगमध्ये स्टारड्यू व्हॅली नावाचं फोल्डर, त्यात सेव्हज, आणि त्यात प्रत्येक शेताचं एक फोल्डर. फोल्डरचं नाव म्हणजे तुम्ही शेतकऱ्याला दिलेलं नाव आणि पुढं एक लांबलचक आकडा. आत त्याच नावाची मुख्य फाइल असते आणि सेव्ह गेम इन्फो नावाची छोटी फाइल असते. फोल्डरचं आणि मुख्य फाइलीचं नाव तंतोतंत एक असावं लागतं. कॉपी करताना फोल्डरच्या नावात तारीख घातलीत आणि नंतर ते तसंच परत टाकलंत, तर गेमला शेत दिसणार नाही. म्हणून नाव न बदलता अख्ख्या फोल्डरची झिप करा आणि तारीख झिपच्या नावात घाला. ती झिप तुमच्या गूगल ड्राइव्हवर किंवा जिथं तुमचं खातं असेल तिथं टाका. झाला पहिला बॅकअप.

कॉपी करताना गेम पूर्ण बंद हवा. नुसता मिनिमाइझ करून चालत नाही. गेम फाइल लिहीत असताना कॉपी घेतली तर अर्धवट फाइल हाती येते, आणि ते कळतं ऐन गरजेच्या दिवशी.

त्याच फोल्डरमध्ये शेवटी ओल्ड असं लिहिलेल्या फाइली दिसतील. त्या गेमनं स्वतः ठेवलेल्या आदल्या दिवसाच्या प्रती. माइनक्राफ्टही लेव्हल डॅट या फाइलीची ओल्ड प्रत ठेवतो, एल्डन रिंग आपल्या सेव्हशेजारी बॅक अशी शेपटी असलेली फाइल ठेवतो. लाईट जाऊन सेव्ह बिघडली तर नवा खेळ सुरू करण्याआधी ही जुळी फाइल आहे का बघा. बिघडलेली बाजूला काढून जुळीचं नाव मूळ नावासारखं केलं, की बऱ्याच वेळा एका दिवसाच्या नुकसानीवर निभावतं.

आता साधन: लुडुसावी

दर आठवड्याला दहा गेमची फोल्डरं झिप करणं कोणाला जमत नाही. मलाही जमलं नाही. मी वापरतो ते साधन लुडुसावी. ते मोफत आहे, त्याचा सोर्स कोड खुला आहे, आणि विंडोज, लिनक्स, मॅक आणि स्टीमचं हातात धरून खेळायचं यंत्र स्टीम डेक या सगळ्यांवर चालतं. कुठल्या गेमची सेव्ह कुठं असते याची माहिती ते पीसी गेमिंग विकीवरून घेतं. हा विकी खेळणाऱ्यांनीच वर्षानुवर्षं भरत आणला आहे, आणि त्यामुळं हजारो गेम लुडुसावीला न सांगता ओळखता येतात. अनोळखी लोकांनी केलेल्या या कामाबद्दल मला मनापासून आदर आहे. एखाद्या जुन्या, कोणाच्या फारशा खिजगणतीत नसलेल्या गेमची सेव्ह साधनाला अचूक सापडते, तेव्हा कुणीतरी ती एकदा शोधून लिहून ठेवलेली असते.

गिटहब या खुल्या सोर्स कोडच्या साइटवरच्या लुडुसावीच्या मूळ पानावरूनच उतरवा, इतर कुठल्याही डाउनलोड साइटवरून नको. झिप उघडा, आत एकच फाइल असते, इन्स्टॉल करावं लागत नाही. ती कायमची राहील अशा फोल्डरमध्ये ठेवा, डाउनलोड्समध्ये नको, कारण ते फोल्डर आपण कधीतरी साफ करतो. पहिल्यांदा चालवताना विंडोज निळ्या चौकटीत इशारा देण्याची शक्यता आहे. फाइल मूळ पानावरून आणली असेल तर मोअर इन्फो दाबून पुढं जा.

उघडल्यावर तुम्ही बॅकअप मोडमध्ये असता. लगेच बॅकअप दाबू नका. आधी प्रीव्ह्यू दाबा. काही वेळात तुमच्या मशीनवर सापडलेल्या गेमची यादी आकारासकट येते. ही यादी नीट वाचा. केव्हाच काढून टाकलेले गेमही तिच्यात दिसतील, कारण गेम अनइन्स्टॉल केला तरी सेव्ह सहसा मागं राहते. ज्या गेमचा बॅकअप नको त्याची खूण काढा. एखाद्याचा आकार अवाच्या सवा दिसला तर त्याच्यावर क्लिक करून आत कोणत्या फाइली धरल्या आहेत ते पाहा. स्टारड्यूचं एक शेत काही एमबींचं, एल्डन रिंगची सेव्ह २८ एमबीच्या आसपास, पण माइनक्राफ्टचं फिरून फिरून वाढवलेलं जग सहज एक जीबीच्या वर जातं. दिवसाला दीड-दोन जीबीच्या मोबाइल डेटावर काम चालवणाऱ्यांनी हा आकडा आधी बघावा.

एखादा गेम यादीत नसेल, तर कस्टम गेम्स या टॅबमध्ये त्याचं नाव आणि फोल्डरचा पत्ता स्वतः घालता येतो. मित्रानं बनवलेला छोटा गेम असो की एमुलेटर, म्हणजे कन्सोलचे गेम दुसऱ्या मशीनवर चालवणारा प्रोग्रॅम, तो इथून जोडा.

यादी मनासारखी झाली की बॅकअप दाबा. अजून सगळं तुमच्याच डिस्कवर आहे, वेगळ्या फोल्डरमध्ये. क्लाउड पुढच्या पायरीत येतो.

प्रती किती ठेवायच्या

या पायरीवर घाई करू नका, कारण आमचा रायगड इथंच गेला. लुडुसावी मुळात प्रत्येक गेमची एकच पूर्ण प्रत ठेवतो आणि पुढच्या वेळी तिच्याच जागी नवी येते. तसंच राहू दिलं तर तुम्ही पुन्हा आरशापाशीच आलात. सेटिंगमध्ये दोन आकडे असतात. पहिला फुल, म्हणजे पूर्ण प्रती किती. दुसरा डिफरन्शियल, म्हणजे त्या पूर्ण प्रतीनंतर जेवढं बदललं तेवढंच ठेवणाऱ्या छोट्या प्रती किती. मी फुल ३ आणि डिफरन्शियल ५ ठेवतो. लहान सेव्ह असतील तर आकडे बिनधास्त वाढवा, जागा नगण्य लागते. फॉरमॅट झिप निवडा, जागाही वाचते आणि क्लाउडवर हजारो सुट्या फाइलींऐवजी मोजक्याच चढतात.

आणखी एक सोय आहे जी बहुतेकांच्या नजरेतून सुटते. कुठल्याही एका प्रतीला कुलूप लावता येतं. मग कितीही नवे बॅकअप झाले तरी ती प्रत पुसली जात नाही. शेजारी टिपणी लिहायलाही जागा असते. आमच्या नव्या जगाच्या तीन प्रतींना कुलूप आहे आणि त्यांच्या टिपण्या भाच्यानं लिहिल्या आहेत: महादरवाजा झाला, हत्ती तलाव झाला, बाजारपेठ पुन्हा झाली. आमच्यासारखं जे सुट्टीपासून सुट्टीपर्यंत गेमकडं फिरकत नाहीत त्यांच्यासाठी हे कुलूप फार मोलाचं आहे, कारण नुकसान झाल्याचं त्यांना सगळ्यात उशिरा कळतं.

क्लाउडला जोडणं

लुडुसावी स्वतः क्लाउडशी बोलत नाही. ते काम आरक्लोन नावाचं दुसरं मोफत साधन करतं. जागा मात्र तुमची, म्हणजे तुमच्याच खात्यातली. कोणती निवडायची? गूगल ड्राइव्हवर १५ जीबी फुकट मिळतात, पण त्यातच तुमचं जीमेल आणि फोटो बसतात. वनड्राइव्हवर ५, ड्रॉपबॉक्सवर २. फक्त सेव्ह ठेवायच्या तर ड्रॉपबॉक्सचे २ जीबीसुद्धा बऱ्याच जणांना वर्षानुवर्षं पुरतात. घरी स्वतःचा फाइल सर्व्हर, म्हणजे नेक्स्टक्लाउड किंवा नॅस, चालवत असाल तर वेबडॅव या जोडणीनं तेही जोडता येतं. मी नव्यांना सांगतो की जिथं खातं आधीपासून आहे आणि ज्याला टू-स्टेप पडताळणी लावलेली आहे तेच घ्या.

१. आरक्लोनच्या मूळ साइटवरून विंडोजची झिप उतरवा, उघडा आणि लुडुसावीच्या शेजारीच ठेवा. हे काळ्या पडद्यावर चालणारं साधन आहे, डबल क्लिक केल्यावर नेहमीसारखी खिडकी उघडत नाही म्हणून घाबरू नका. आपल्याला ते स्वतः कधीच चालवायचं नाही.

२. लुडुसावीत अदर टॅबमध्ये क्लाउडचा भाग शोधा. तिथं आरक्लोनची फाइल कुठं आहे ते दाखवा.

३. त्याखाली रिमोट, म्हणजे क्लाउडची जागा, निवडायची यादी आहे. गूगल ड्राइव्ह निवडलंत की ब्राउझर उघडेल. आपल्या खात्यानं लॉगिन करा, परवानगी द्या, यशस्वी झाल्याचा निरोप आला की ब्राउझर बंद करा.

४. क्लाउडवरच्या फोल्डरचं नाव लुडुसावी स्वतः सुचवतो. तेच राहू द्या.

५. आपोआप सिंक करण्याची खूण चालू आहे ना ते पाहा आणि अपलोड दाबा. काय काय चढणार आहे ते आधी दाखवून मग तो विचारतो.

नंतर ब्राउझरमधून ड्राइव्ह उघडून फोल्डर खरंच आलं आहे का, झिप उतरवून उघडते का, हे डोळ्यांनी बघा. हिरवी खूण दिसली एवढ्यावर विश्वास ठेवू नका.

आरक्लोनच्या कॉन्फिग फाइलीत तुमच्या क्लाउडची किल्ली असते. मदत मागताना ती फाइल किंवा तिचा स्क्रीनशॉट कोणालाही पाठवू नका. जिवलग मित्रालाही नको.

रोजचं काम विंडोजवर सोपवणं

लुडुसावी मागं दडून सतत चालत नाही. त्याला ठरल्या वेळी उठवायला विंडोजचा टास्क शेड्यूलर वापरा. स्टार्टमध्ये शोधून तो उघडा, क्रिएट बेसिक टास्क घ्या, डेली निवडा, स्टार्ट अ प्रोग्रॅम निवडून लुडुसावीची फाइल दाखवा. खाली आर्ग्युमेंट्सची रिकामी जागा असते. तिथं इंग्रजी लहान अक्षरांत बॅकअप हा शब्द, मग एक जागा, मग दोन आडव्या रेघा आणि त्यांना चिकटून फोर्स हा शब्द लिहा. यामुळं तो दरवेळी तुम्हाला न विचारता काम उरकतो.

टास्क तयार झाल्यावर त्याच्या प्रॉपर्टीज पुन्हा उघडा, कारण विंडोजच्या मूळ निवडी आपल्या घरांना सोयीच्या नाहीत. कंडिशन्समध्ये फक्त चार्जर लावलेला असतानाच चालव अशी खूण असते, ती लॅपटॉपवाल्यांनी काढावी. सेटिंग्जमध्ये वेळ चुकली तर जमेल तितक्या लवकर चालव अशी खूण आहे, ती लावावी, म्हणजे त्या वेळी लाईट नसली तरी तो दिवस वाया जात नाही. वेळ अशी घ्या की हमखास खेळत नसाल. मी रात्रीच्या जेवणाची घेतली आहे.

परत आणून बघितल्याशिवाय बॅकअप झाला असं म्हणू नका

ही पायरी वगळणारे फार आहेत. याच आठवड्यात करा, अर्धा तास लागतो.

स्टारड्यूवरच करू. आधी स्टीममध्ये त्या गेमचं क्लाउड तात्पुरतं बंद करा. हे विसरलात तर तुम्ही फोल्डर हलवाल आणि स्टीम मधेच स्वतःची प्रत आणून टाकेल, मग परत आलेलं शेत नक्की कुणी आणलं ते कळणार नाही. आता सेव्हज फोल्डर काढून टाकू नका, त्याचं फक्त नाव बदला. गेम उघडून शेत दिसत नाही याची खात्री करा, गेम बंद करा. लुडुसावीत रिस्टोअर मोडमध्ये जा, त्या गेमसमोर तारखांची यादी उघडा, हवी ती तारीख निवडा आणि फक्त तोच गेम रिस्टोअर करा. गेम उघडा, शेतात जा, एक दिवस झोपून सेव्ह होते का बघा. झालं, की नाव बदललेलं फोल्डर काढून टाका आणि स्टीम क्लाउड पुन्हा चालू करा.

चालू करताना, किंवा दोन मशीनवर खेळत असलात तर एरवीही, स्टीम तुम्हाला विचारील की क्लाउडवरची सेव्ह आणि इथली सेव्ह वेगळी आहे, कोणती ठेवू? सगळ्यात जास्त सेव्ह या एका प्रश्नापाशी मरतात असा माझा अनुभव आहे, कारण खेळायची घाई असते आणि हात पटकन वरच्या बटणाकडं जातो. दोन्ही तारखा आणि वेळा वाचा. तरीही शंका असेल तर ती खिडकी तशीच उघडी ठेवून सेव्हचं फोल्डर आधी डेस्कटॉपवर कॉपी करा, मग उत्तर द्या.

नव्या कॉम्प्युटरवर जाताना दोन अडचणी येतात. विंडोजमधलं तुमचं यूझरनेम बदललं असेल तर जुने पत्ते जुळत नाहीत. त्यासाठी लुडुसावीत रीडायरेक्ट आहे, जुना पत्ता आणि नवा पत्ता लिहिला की तो स्वतः वळवतो. दुसरी अडचण साधनाच्या हातात नाही: एल्डन रिंगसारख्या गेमची सेव्ह तुमच्या स्टीम खात्याला बांधलेली असते. ती दुसऱ्याच्या खात्यावर उघडत नाही, म्हणून धाकट्या भावाला तुमच्या सेव्हवरून पुढं खेळायचं असेल तर त्याला तुमच्या खात्यावरूनच खेळावं लागेल.

फोनवर खेळणाऱ्यांसाठी

अँड्रॉइड ११ पासून एका ॲपला दुसऱ्या ॲपच्या डेटा फोल्डरमध्ये शिरता येत नाही. सुरक्षेच्या दृष्टीनं ते योग्यच आहे, पण त्यामुळं बहुतेक मोबाइल गेमची सेव्ह स्वतः उचलता येत नाही. गेमच्या सेटिंगमध्ये गूगल प्ले गेम्सशी जोडायची सोय असेल तर ती वापरा, नसेल तर फोन बदलताना जुना फोन लगेच विकू नका.

एमुलेटरवाले मात्र नशीबवान आहेत. पीएसपीचे गेम चालवणारा पीपीएसएसपीपी सेव्ह ठेवण्यासाठी फोल्डर तुम्हालाच निवडू देतो. त्याच्या आत सेव्हडेटा नावाचं फोल्डर सापडेल, ते अधूनमधून झिप करून ड्राइव्हवर टाका. सेव्ह स्टेट आणि गेममधली खरी सेव्ह यातला फरक इथं जपा. स्टेट म्हणजे त्या क्षणी मेमरीत जे होतं त्याचा ठसा, एमुलेटरची आवृत्ती बदलली की तो कधी कधी उघडत नाही. म्हणून अपडेट करण्याआधी गेममध्येच जाऊन सेव्ह पॉइंटवर एकदा सेव्ह करा, सेव्हडेटाची झिप वर चढवा, आणि मगच अपडेटचं बटण दाबा.